ताईची ट्रायल

हे लिहायचं मी जवळजवळ टाळलंच होतं. कारण साधं आहे, यातलं कुणी मेलेलं नाही आणि सगळ्यांना वाचता येतं. पण गेले काही दिवस घशात अडकलंय, गिळवत नाही आणि थुंकवतही नाही. म्हणून टाइप करतोय. नावं घेत नाही. ज्यांची त्यांना बरोबर कळतील.

तर ढापण्या. चष्मा फार लहानपणी लागला म्हणून ढापण्या, आणि एकदा चिकटलं की चिकटलं. ह्याचे बाबा कवळ्या बनवायचे. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर पेशंटच्या तोंडात लगदा कोंबून माप घेतो, ते माप ह्यांच्या घरी येतं, आणि त्यावरून दात बनवतात ते हे. हा फरक बाबा लोकांना लग्नाच्या पंगतीतसुद्धा समजावून सांगायचे, समोरचा जेवत असला तरी.

घराची पुढची खोली म्हणजे लॅब. लांब टेबल, वाकवता येणारे दिवे, छोटे बर्नर, मेण कापायच्या सुऱ्या, आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. त्या पांढऱ्या पावडरीतून काही सुटायचं नाही. चहावर साय दिसली तर ढापण्याची आई आधी बोट लावून बघायची, साय आहे की प्लास्टर.

लॅबमध्ये बाबांच्या हाताखाली गोटी होता. गोटी ढापण्याचा शाळेपासूनचा मित्र. बारावीनंतर शिक्षणाला रामराम ठोकून पूर्णवेळ इथेच. हात चांगला होता त्याचा. ढापण्या सुट्टीत बसायचा, मनाला येईल तेव्हा. तरी आलागेला प्रत्येक जण ढापण्याकडे बघूनच म्हणायचा, "काय छोटे मालक!" गोटी तेव्हा खाली मान घालून मेण खरवडत बसायचा.

आता बाबांची एक पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. कवळी पक्की करायच्या आधी दात मेणात बसवतात आणि पेशंटच्या तोंडात घालून बघतात. तिला ट्रायल म्हणतात. काय कमीजास्त असेल ते तेव्हाच सांगायचं, कारण मेण हलवता येतं, पक्कं झालं की संपलं. पण माणसं भिडस्त असतात. आरसा दिला की म्हणतात, "छान आहे." घरी जातात, आणि पक्की कवळी घातली की आठवडाभरात रडत येतात.

म्हणून बाबा ट्रायलला स्वतः दवाखान्यात जायचे आणि पेशंटशी भांडण काढायचे. हो, भांडण. कुणाच्या जावयावरून, कुणाच्या पेन्शनवरून. डॉक्टरांनाही सवय झालेली. बाबांचं म्हणणं, "चिडलेला माणूस तोंड सांभाळत नाही. मग कळतं काय बसलंय आणि काय नाही." एका रिटायर्ड हेडमास्तरांना त्यांनी इतकं पेटवलं की शिव्या देता देता वरचा अख्खा जबडा उडून डॉक्टरांच्या खिशावर आदळला. बाबा शांतपणे म्हणाले, "सैल आहे."

असा माणूस.

ढापण्याला हवामानशास्त्र शिकायचं होतं. ढग, वारे, हवेचा दाब, दिवसभर तेच बघत बसायचा फोनवर. गावातल्या कॉलेजात नुसतं फिजिक्स होतं. हवामानशास्त्र होतं ते दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात, नावाजलेल्या, आणि तिथे ह्याला प्रवेश मिळाला. फी मात्र त्या राज्यातल्या पोरांना एक आणि बाहेरून येणाऱ्यांना दुसरी. ती दुसरी वाचून आईने चष्मा पुसून परत वाचली.

"पाऊस येणार की नाही हे सांगायला एवढा खर्च?" बाबा म्हणाले. "खिडकी उघड की."

"बाबा, तसं नसतं ते."

"मग कसं असतं ते सांग."

ढापण्याने अर्धा तास सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, कंजूस माणूस नव्हता तो. पण घरात पैसे होते ते एका मशीनसाठी जमवलेले. हल्ली डॉक्टर तोंडात कॅमेरा फिरवतात आणि मशीन आपोआप दात कोरून देतं. ते मशीन नाही म्हणून एकेक दवाखाना मोठ्या लॅबकडे सरकत होता. मशीन आलं तर लॅब तगणार होती. म्हणजे मशीन नाहीतर मुलगा, दोन्ही नाही.

बाबा म्हणाले, "ट्रायल घेऊ."

आई म्हणाली, "अहो, विद्यापीठाची कसली ट्रायल घेणार तुम्ही? ते काय कुणाच्या तोंडात बसतंय?"

"अक्काची पोरगी आहे ना. तिथेच शिकून आलीय. तिला रविवारी बोलव."

अक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण, ढापण्याची आत्या. तिच्या मुलीला ढापण्या ताई म्हणायचा. ताई त्याच विद्यापीठात शहरनियोजन शिकली होती. त्यासाठी आत्याने राहतं घर विकलं आणि भाड्याच्या दोन खोल्यांत आली. आत्याचे यजमान बस चालवायचे, ते जास्तीच्या पाळ्या करायला लागले. आणि ताई आता एका कुरिअर कंपनीच्या तक्रारींचे फोन घ्यायची, घरूनच, कानाला हेडफोन लावून. शहर वगैरे काही नाही. पार्सल हरवलेली माणसं दिवसभर तिला शिव्या घालायची.

ढापण्या शनिवारीच तिच्याकडे गेला. ताई आतल्या खोलीत पलंगावर मांडी घालून बसली होती, मांडीवर लॅपटॉप. तिने हातानेच बस म्हणून खूण केली.

"हो सर, समजू शकते... हो सर, अगदी बरोबर आहे तुमचं." मग बटण दाबून आवाज बंद केला. "बोल रे. हा अजून पाच मिनिटं तरी माझा उद्धार करणार आहे."

"उद्या बाबा तुझी परीक्षा घेणार आहेत."

"माहितीये. मामीचा फोन आलेला आईला. मामा मला चिडवणार, त्या हेडमास्तरांना चिडवलं तसं." ती हसली. "माझे दात पक्के आहेत म्हणावं."

"ताई, प्लीज. छान होतं म्हण. एवढंच."

"छान होतंच." तिने परत बटण दाबलं. "हो सर, ऐकतेय सर, नोंद करतेय." परत बंद. "तुला एक सांगू? कुणाला बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"मी शेवटच्या वर्षी आपटले होते. दोन विषय राहिले. एक सत्र जास्त काढलं तिथे, फी भरून. आईबाबांना वाटतं मी ट्रेनिंगला थांबले होते."

"मला कशाला सांगतेस?"

"कारण तूही आपटशील. तिथे सगळे हुशारच असतात, पहिल्यांदा आपटल्यावर वाटतं आपण एकटेच गाढव. तेव्हा लक्षात ठेव, ताईपण पडली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं हे." तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली. "जा आता. ह्या सरांचा घसा बसला वाटतं, मला बोलावं लागेल."

घरी जाताना ढापण्या शीळ घालत होता, इतकं हलकं वाटत होतं त्याला.

रविवारी आत्या आणि ताई आल्या. आत्याचे यजमान आले नाहीत, रात्रपाळी करून झोपले होते. आईने चहा केला. बाबांनी हात धुतले, नखांतली पावडर काढली, आणि ताईच्या समोर स्टूल ओढून बसले, दवाखान्यात बसायचे तसे. गोटी रविवार असूनही कोपऱ्यात काम संपवत होता. त्याला जा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"काय गं, कसं होतं तुझं विद्यापीठ?"

"छान होतं मामा."

"छान," बाबा म्हणाले, आणि ढापण्याला कळलं, आता सुरू. "लायब्ररी वगैरे?"

"मोठी होती. रात्रभर उघडी."

"अरे वा. मग एवढं शिकून कुठलं शहर बांधलंस?"

"अजून तरी नाही."

"एखादी गल्ली?"

आत्या हसली, भावाचा विनोद म्हणून. ताईपण हसली. "गल्लीपण नाही."

"पण रस्ते पाठ झाले असतील ना. कुठलं पार्सल कुठल्या रस्त्यावर हरवलं ते सांगतेस दिवसभर."

"अहो, काय हे," आई म्हणाली.

"मी मजेत विचारतोय. भाचीच आहे माझी." बाबांचा आवाज मेणासारखा मऊ. "नाही, मला एक कळत नाही. शिव्या खायला डिग्री लागते का? हा आमचा गोटी आहे, मी त्याला रोज शिव्या देतो. फुकट खातो."

गोटीने वर बघितलं नाही.

"मामा, ती नोकरी तात्पुरती आहे."

"तात्पुरती म्हणजे आल्यापासून तीच ना? अक्का, तुझं घर कसं होतं गं, गॅलरीतून अख्खं मैदान दिसायचं. आता खिडकीतून काय दिसतं?"

"भिंत," आत्या म्हणाली. तिला वाटलं नुसतं विचारतोय. मग तिला जरा चेव आला. "मी हिला कधी बोलून दाखवत नाही रे. पण वाटतं ना माणसाला. शेजारच्या पोरीने गावातच शिकून बँकेत नोकरी पकडली. आणि आमची ही. आता पदरात पडलंय ते..."

"बोलून दाखवत नाहीस?" ताई म्हणाली.

आवाज वेगळाच होता. बाबा स्टुलावर थोडे पुढे सरकले.

"रोज दाखवतेस आई. भाजी महाग झाली तरी घर निघतं. नळाला पाणी आलं नाही तरी घर निघतं. मला तिथे काम मिळत होतं मामा, माझ्या विषयातलं. सुरुवातीला पगार अगदीच थोडा, पण दोन वर्षांत जम बसला असता. बरोबरच्या सगळ्यांचा बसला. मला थांबायची सोय होती का? हिचा रोज फोन, आता तरी पैसे पाठव, बाबांचे पाय सुजलेत. म्हणून जी पहिली नोकरी मिळाली ती धरली. महाग कॉलेजचं काय होतं सांगू? कॉलेज चांगलंच असतं. पण एवढं महाग घेतलं की मग पुढे एक दिवससुद्धा वाट बघायची ऐपत उरत नाही. झालं समाधान? हेच ऐकायचं होतं ना तुम्हाला?"

आत्याचा चहाचा कप हातातच राहिला.

बाबांनी मांड्यांवर हात आपटले आणि उठले. हेडमास्तरांचा जबडा उडाला तेव्हा होता तसाच चेहरा. "कळलं," ते म्हणाले. "नाही बसत. आपल्यासारख्यांना नाही बसत ते. मशीन घेऊ. तू इथेच शीक रे, काही वाईट नाही गावातलं कॉलेज."

झालं. संपलं. तिथेच ढापण्याचं विद्यापीठ संपलं होतं. तो गप्प बसला असता तर ही गोष्टच नव्हती. पण त्याला दिसलं ते एवढंच, की दार बंद होतंय. आणि दाराच्या फटीत घालायला त्याच्या हाताशी एकच वस्तू होती.

"बाबा, थांबा. तुम्ही डॉक्टरांना काय सांगता नेहमी? कवळीत खोट नाही, हिरडी मऊ आहे. मग इथे तेच बघा ना."

"काय बघू?"

"विद्यापीठात खोट नाहीये. ताईच कच्ची होती. ती नापास झाली होती तिथे. ट्रेनिंग वगैरे काही नव्हतं. दोन विषय राहिले म्हणून एक सत्र जास्त काढलं. पहिल्या फटक्यात पास झाली असती तर एवढी घाई झालीच नसती तिला."

कोपऱ्यात गोटीच्या हातातली सुरी थांबली.

आत्या हळूच म्हणाली, "ट्रेनिंग नव्हतं?"

ताई ढापण्याकडे बघत होती. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. रस्त्यात कुणी ओळखीचं वाटावं, जवळ गेल्यावर भलताच निघावा, तसं बघत होती.

"अगं विचारतेय मी. ट्रेनिंग नव्हतं? त्या सहा महिन्यांत तुझ्या बाबांनी एकही सुट्टी घेतली नाही. तेव्हाच पाय सुजायला लागले त्यांचे. ट्रेनिंगचे पैसे म्हणून पाठवत होते ते."

"नव्हतं," ताई म्हणाली. "हा म्हणतो ते खरं आहे. नापासच झाले होते."

आत्याने कप खाली ठेवला. रडली वगैरे नाही. "चल," म्हणाली. "ते परत पाळीवर जायच्या आत त्यांना सांगायचंय मला." आणि ताई तिच्या मागून निघाली. लहान मुलीला कान धरून नेतात ना, कान न धरताही तशीच दिसत होती. आई दारापर्यंत गेली, "अक्का, अहो अक्का, खाऊन तरी जा" म्हणत. त्या तोवर जिना उतरलेल्या.

बाबा बराच वेळ ढापण्याकडे बघत उभे होते. एखादा साचा उलटा करून उजेडात धरावा तसे.

"हिरडी," ते शेवटी म्हणाले. "बरोबर आहे. ह्याचा विचारच केला नाही मी." मग आईकडे वळून, "जाऊ दे ह्याला. टिकेल हा तिथे."

"कशावरून?" आईने विचारलं.

"बघितलंस ना आत्ता."

आई आत निघून गेली. मशीनवाल्याला फोन बाबांनी स्वतः केला. म्हणाले, सध्या विचार नाही. फोन ठेवल्यावर हसले आणि म्हणाले, "चला, आता खिडकी न उघडता कळणार पाऊस." कुणी हसलं नाही, म्हणून ढापण्या हसला.

नंतरचं पटकन सांगतो. मशीन येणार नाही हे कळल्यावर आणखी एक मोठा दवाखाना सुटला. ढापण्याने ताईला चिक्कार फोन केले, तिने उचलले नाहीत. मग भलामोठा मेसेज लिहिला, माफ कर, तेव्हा काही सुचलं नाही, तू मला ओळखतेस, असं बरंच काही. तिचं उत्तर आलं: "आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

त्याने ते गोटीला दाखवलं. निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी. बाबा माप आणायला बाहेर गेले होते, आई झोपली होती. गोटी एका खालच्या जबड्याला मेण लावत होता. त्याने मेसेज वाचला आणि फोन परत दिला.

"भारी लिहिलंय," तो म्हणाला.

"तूपण घाल शिव्या. राहिलायस तूच."

"मी कशाला घालू? मी असतो तर बोललो नसतो, असं काही मी म्हणणार नाही. मला कुणी पाठवणारच नव्हतं. म्हणून मी चांगला."

"तसं नाही रे गोट्या."

"तसंच आहे. ते जाऊ दे. मला एक सांग, तिथे तू आपटलास तर?"

"नाही आपटणार."

"समज. आपटलास. नाहीतर पास होऊन आलास आणि फोनवर शिव्या खायची वेळ आली. काय करशील?"

ढापण्याने खांदे उडवले. "लॅब आहेच की."

गोटीने सुरी खाली ठेवली. मेण निवायच्या आत बोटाने कड गुळगुळीत केली, मग बोट पॅन्टला पुसलं.

"हेच म्हणणार हे माहीत होतं मला," तो म्हणाला. "लॅब आहेच की. कुठे आहे? मशीन तू खाल्लंस. काकांचे डोळे आता दुपारनंतर काम देत नाहीत. दोन दवाखाने उरलेत, ते मी हातापाया पडून टिकवतोय. चार वर्षं मी हे धरून ठेवणार. आणि मग तू येणार, छोटे मालक, आणि काका तुला नाही म्हणणार नाहीत. आणि मी काय करायचं? तुला शिकवायचं?"

ढापण्या हसला. सवयीने. मग त्याच्या लक्षात आलं, समोरचा हसत नाहीये.

"मित्र आहेस ना रे तू माझा?"

"म्हणून तोंडावर सांगतोय. दारं लावून, तू आणि मी. तुझ्यासारखं चारचौघांत नाही."

ढापण्याचे कान लाल झाले. तो फळ्यांवरच्या जबड्यांकडे बघत राहिला. प्रत्येकाखाली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवरचं अक्षर आता सगळं गोटीचं.

"काय पाहिजे तुला?"

"शब्द दे. तिथे काहीही झालं, नापास झालास, उपाशी राहिलास, तरी इथे येऊन बसायचं नाही. भेटायला ये, जेवायला ये. कामाला नाही. काकांनी बोलावलं तरी नाही."

"आणि बाबांनी फारच धरलं तर?"

"तर ताईबद्दल बोललास तसं माझ्याबद्दलही काहीतरी बोलशील. माहितीये मला. म्हणून आधीच मागतोय."

बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. बाबा असणार. गोटीने हात पुढे केला, पावडरीने पांढरा झालेला.

ढापण्याने तो धरला. "काहीही झालं," तो म्हणाला, "तरी कामाला इथे परत येणार नाही. शब्द देतो."